चुकवलेली तारीख

९ जानेवारी

धाकटे,

फोनवर बोलले असते, पण माझ्या कानांचं तुला ठाऊक आहे. सगळा जन्म शिलाई मशीनच्या खडखडाटात गेला. आता फोनवर माणूस बोलतंय की गिरणी चाललीय, तेच कळत नाही. पत्र बरं, त्याला ‘काय? काय?’ करावं लागत नाही.

काल कारखान्यात गंमत झाली. फाटकासमोर एक लांबलचक पांढरी गाडी येऊन उभी राहिली. आम्हाला वाटलं, पडद्याच्या कापडाचे तागे आले. निघाली तपासणीची गाडी! पन्नाशी ओलांडलेल्या बायकांच्या छातीचे फोटो काढतात, काही दुखत असो वा नसो. कॅन्सरची गाठ हाताला लागायच्या आधीच दिसते म्हणे त्यात. मालकीणबाई म्हणाल्या, मशिनी थांबवा आणि एकेक जण जाऊन या. आधी कुणी हलेना. आमची बटणवाली म्हणाली, “मला काही होत नाही. उगाच विंचवाच्या बिळात बोट कशाला घालू?” मी म्हटलं, “बाई, बीळ तुझ्याच घरात आहे. विंचू आहे की नाही, एवढं तरी बघून घे.”

शेवटी मीच पुढे झाले. दोन पाट्यांमध्ये धरून दाबतात, इस्त्रीखाली चुणी दाबावी तसं. दुखतं, पण दाढ काढण्याच्या मानानं काहीच नाही. बटणवाली बाहेर आली आणि म्हणाली, “नवऱ्यानं जन्मात इतकं घट्ट धरलं नाही हो!” हसून हसून पुरेवाट झाली.

गाडीतली नर्स मात्र नीट समजावून सांगत होती. म्हणाली, परत बोलावलं तर घाबरून जाऊ नका, बोलावलेल्यांपैकी बहुतेकींचं काही निघत नाही. आणि फोटो स्वच्छ आला म्हणून निर्धास्तही होऊ नका. उद्या हाताला काही लागलं तर पुढच्या गाडीची वाट बघत बसायचं नाही, सरळ डॉक्टरकडे जायचं.

परत मशीनवर बसले आणि ह्यांची आठवण आली. मग दुपारभर शिवण सरळ येईना.

तू एक्कावन्नची झालीस. तुमच्याकडेही ही सोय असणार. भावजींना विचारत बसू नकोस. लिफ्ट अडकलेली त्यांना दहा मजल्यांवरून कळते, बायको अडकलेली कळत नाही. जा आणि मला कळव. इतकी वर्षं एका स्वयंपाकघरात भांडलो, त्या हक्कानं सांगते.

तुझी,
थोरली

—

२१ जानेवारी

वहिनी,

‘पाया पडते’ असं लिहिणार होते, पण तुम्ही म्हणाल, समोर होते तेव्हा कधी वाकली नाही आणि आता टपालातून वाकतेय.

तुमचं पत्र दुकानातच वाचलं, काचा घासायच्या मशीनमागे लपून. बटणवालीचं वाचून एकटीच हसले. समोर चष्म्याचा नंबर काढायला आलेले आजोबा म्हणाले, “मला वाचता येईना म्हणून हसता का?” त्यांची समजूत घालता घालता नाकी नऊ आले.

तपासणीचं म्हणाल, तर माझी मागच्याच महिन्यात झाली. सगळं ठीक आहे. ती काळजी सोडा.

खांदा मात्र धरलाय. दिवसभर वाकून काच धरायची, त्याचं हे फळ. मालकांनी रजा दिलीय. शहराबाहेर टेकडीच्या पायथ्याशी एक आरोग्य-निवास आहे, तिथे थोडे दिवस राहून यावं म्हणते. गोळी नाही, सुई नाही. पालेभाज्यांचे रस, काढे, तेल चोळणं आणि श्वासाचे व्यायाम. एका गिऱ्हाईकबाईंनी सांगितलं. फार शांत जागा आहे म्हणे.

एक विचारू? मोठ्या भावजींना हॉस्पिटलात नेलं नसतं, तर ते जास्त जगले असते का? तुम्ही दिवसा कारखान्यात असायचात आणि मी त्यांच्यापाशी असायची. इंजेक्शनच्या दिवशी सकाळपासून भिंतीकडे तोंड करून पडायचे. हाक मारली तरी वळायचे नाहीत. पहिल्यांदा आत गेले तेव्हा माणूस चालत गेला होता, वहिनी.

सहज मनात आलं म्हणून विचारलं. उत्तर नाही दिलंत तरी चालेल.

तुमची,
धाकटी

—

१ फेब्रुवारी

धाकटे,

तपासणी झाली, सगळं ठीक निघालं, वाचून डोक्यावरचं ओझं उतरलं. कारखान्यात सगळ्यांना सांगितलं, आमची धाकटी शहाणी निघाली, न सांगता जाऊन आली. माझाही कागद आला. स्वच्छ आहे.

त्या निवासाचं म्हणशील, तर जा बापडी. खांद्याला तेल चोळून कुणाचं वाईट झालेलं मी ऐकलं नाही. पण नुसत्या रसावर राहून वाळून येऊ नकोस. आधीच तुझ्या अंगावर फुंकर मारली तर उडशील इतकं मांस.

ह्यांच्याबद्दल विचारलंस. ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. समोर बसू तेव्हा बोलू. त्यांना जाऊन सात वर्षं झाली, पण अजून त्यांच्या बाजूची उशी मी धुवायला काढली की हात जड होतो. एवढंच सांगते की तू त्यांची सेवा केलीस, ती मी विसरलेले नाही. मी म्हटलं नसेल कधी. आपल्यात म्हणायची पद्धत नव्हती, आपल्यात फक्त भांडायची पद्धत होती.

निवासाचा पत्ता कळव.

थोरली

—

२४ फेब्रुवारी

वहिनी,

पत्ता वर लिहिलाय. इथे फोन आल्या आल्या काढून घेतात, एका पत्र्याच्या पेटीत ठेवतात. पहिले दोन दिवस हात सारखा खिशाकडे जायचा. आता आठवणही होत नाही.

खोल्या छोट्या आणि पांढऱ्या आहेत. खोलीत दोन खाटा, एक माठ आणि टेकडीकडे उघडणारी खिडकी. तिचा पडदा एका बाजूनं उसवलाय, तुम्ही असतात तर आधी सुई मागितली असती. पहाटे काढा मिळतो, इतका कडू की आपली सगळी पापं आठवावीत. मग श्वास. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. पहिल्यांदा केलं तेव्हा रडूच आलं मला. कशामुळे, ते कळलं नाही. तेल लावायला येणाऱ्या बाईंचे हात भाकरी थापावी तसे मोठे आहेत, पण लागतात मऊ. वहिनी, मी झोपते इथे. महिन्याभरात झोपले नव्हते, ती झोपते.

चालवणाऱ्यांना सगळे ‘काका’ म्हणतात. पूर्वी कुठल्याशा कचेरीत मोठे अधिकारी होते. हळू बोलतात, कुणावर रागावत नाहीत. रोज सकाळी स्वतःच्या हातानं एक पुडी देतात, मुळ्यांच्या पावडरची. “शरीराला शत्रू समजू नका,” म्हणतात. “ज्याच्याकडे लक्ष द्याल ते वाढतं.” ऐकलं की बरं वाटतं.

माझ्या खोलीत एक मास्तरीणबाई आहेत. शाळेत भूमिती शिकवायच्या. अंथरुणाची घडी अशी घालतात की कोपरे काटकोनात. मी वेडीवाकडी घडी घातली की म्हणतात, “हा चौकोन आहे की तुझ्या नवऱ्याचं नाक?” त्यांच्या छातीत गाठ आहे. दीड वर्ष झालं. डॉक्टर काढा म्हणाले, त्यांनी नकार दिला. म्हणाल्या, “मी फळ्याकडून वळले की सगळा वर्ग माझ्याकडे बघतो. अर्ध्या बाईकडे काय म्हणून बघतील?” आणि तरी हसतात, गातात. त्यांच्याकडे बघून वाटतं, गाठ असली तरी माणूस सुखात राहू शकतं.

माझा मुक्काम वाढवला आहे. खांदा अजून पुरता सुटला नाही.

धाकटी

—

१७ मार्च

वहिनी,

नमस्कार. मला पत्र लिहिता येत नाही हे तुम्ही जाणताच. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

तुमचा हात कसा आहे? जिन्यावरून पडून मोडला, असं ही म्हणाली. तुम्हाला स्वयंपाकपाणी करायला कुणी नाही म्हणून तुमच्याकडे राहायला गेली, त्याला बरेच दिवस झाले. मी म्हटलं, जा, माझं मी बघतो. तिचा फोन बंद असतो. मधून पत्र येतं, त्यात तुमच्या हाताला उतार आहे असं असतं. जास्त काही नसतं.

आज हॉस्पिटलातून घरच्या फोनवर फोन आला. बाई विचारत होती, जानेवारी अखेरीस ऑपरेशनची तारीख दिली होती, पेशंट आल्या नाहीत, आमची पत्रंही गेली, काय झालं? मी म्हटलं, कसलं ऑपरेशन? ती म्हणाली, पेशंटनाच फोन करायला सांगा, आणि लवकर.

वहिनी, कॅन्सरच्या विभागातला फोन होता. मी पुन्हा फोन लावून विचारलं तेव्हा तेवढंच कळलं.

डिसेंबरात ती एकदा तीन-चार तास उशिरा आली होती. दंडाजवळ पट्टी होती. म्हणाली, खांद्यासाठी सुई टोचली. मी लिफ्टच्या तारा तपासून खायला घालतो घरच्यांना. एक धागा सुटला तरी माझ्या बोटाला कळतो. आणि हे कळलं नाही.

ती तुमच्यापाशी आहे ना? काय ते खरं सांगा. मी येऊ का?

तुमचा दीर

—

२२ मार्च

धाकटे,

माझा हात मोडलेला नाही. त्याच हातानं लिहितेय.

भावजींचं पत्र आलं. त्यांना मी लगेच कळवलं की ती माझ्याकडे नाही, कुठे आहे तो पत्ता हा. खोटं तू बोललीस, त्याला अस्तर मी लावणार नाही. त्यांना म्हटलं, तुम्ही एकदम जाऊ नका. आधी मी जाऊन येते. ते ऐकतील असं वाटतं. घाबरलेला माणूस ऐकतो.

मी रागावले नाही. म्हणजे रागावलेय, पण तो राग तुझ्यावर किती आणि स्वतःवर किती, हे उसवून बघायला वेळ नाही. ‘सगळं ठीक आहे’ वाचून मी साऱ्या कारखान्यात मिरवत होते. तू तेव्हा महिनाभर जागी होतीस.

तू ह्यांचं विचारलं होतंस आणि मी टाळलं. आता सांगते. ह्यांना हॉस्पिटलात नेलं त्याच्या आधी आठ-नऊ महिने शौचातून रक्त जात होतं. मला सांगितलं नाही. कामावरच्या कुणीतरी मूळव्याधीची पावडर दिली, ती घेत राहिले. रक्त मधे थांबायचं, तेव्हा वाटायचं गुण आला. हे त्यांनीच मला सांगितलं, अगदी शेवटी, पाणी पाजत होते तेव्हा. म्हणाले, “मला वाटलं, न बघितलं तर नसेल.” आपण नेलं तोवर ते यकृतात गेलं होतं. डॉक्टरांनी तेव्हाच म्हटलं होतं की बरं करणं आता हातात नाही, थोडा वेळ मिळेल.

तू त्यांना हॉस्पिटलात मरताना पाहिलंस, म्हणून तुला वाटतं हॉस्पिटलानं मारलं. मी त्यांना घरात मरायला लागलेलं पाहिलं होतं, फक्त तेव्हा मला ते कळलं नाही. इंजेक्शनांनी ते पिळवटून निघाले, हे खोटं नाही. तू जवळ होतीस, तुझ्याइतकं ते मला माहीत नाही. पण त्यांची गाठ आणि तुझी गाठ एक नाही. त्यांची सापडली तेव्हा उशीर झाला होता. तुझी वेळेत सापडली आणि तू उशीर विकत घेतेयस.

श्वास घ्यायला शिकलीस, चांगलं झालं. तेलानं झोप लागते, तेही चांगलं. ते सगळं बरोबर घेऊन हॉस्पिटलात जा ना. कोण नको म्हणतंय?

गुरुवारच्या बसनं येते. ओढून न्यायला येत नाही. माझ्यानं आता एक उशी ओढवत नाही.

थोरली

—

८ एप्रिल

वहिनी,

तुम्ही गेलात त्याला आठवडा झाला. आधी लिहिणार होते, लिहवेना.

तुम्ही आलात तेव्हा मी दारातच तयारी करून उभी होते. तुम्ही हॉस्पिटल म्हणालात की मी काय म्हणायचं, ते पाठ केलं होतं. तुम्ही काही बोललाच नाहीत. दोन दिवस राहिलात, काढा प्यायलात, तोंड वाकडं केलंत, खिडकीचा पडदा शिवलात. मास्तरीणबाईंशी उशीच्या अभ्र्याचं माप कसं काढायचं यावर वाद घातलात आणि हरलात. मला वाटलं, आता बोलतील, मग बोलतील. मी रात्रभर भांडायला जागी, आणि तुम्ही घोरताय.

फक्त निघताना काकांशी बोललात. मी पाठीमागेच होते.

“इथून बरी होऊन गेलेली माणसं असतील ना?” तुम्ही विचारलंत.

“पुष्कळ,” काका म्हणाले.

“पुढे कशी आहेत ती?”

“ज्याचा त्याचा मार्ग. मी मागे वळून बघत नाही, बाई.”

“तसं नका करू,” तुम्ही म्हणालात. “आम्ही पडदा लावून दिला तरी महिन्यानं जाऊन बघतो, आखडला का म्हणून.”

काका हसले, माझ्याकडे बघून मान हलवली. ते लबाड नाहीत, वहिनी. त्यांचा स्वतःचा विश्वास आहे. तेच तर कठीण आहे.

त्या दिवशी अंघोळ करताना मी गाठीला हात लावला. आल्यापासून लावला नव्हता. लक्ष द्यायचं नाही, असंच ठरलं होतं. माझं आयुष्य काचा घासण्यात गेलं, अंगठ्याखाली केसाइतका उंचवटा असला तरी मला कळतो. डिसेंबरात डॉक्टरांनी पडद्यावर दाखवली तेव्हा हरभऱ्याएवढी होती, हातानं शोधूनही सापडत नव्हती. आता शोधावी लागली नाही.

तिथेच खाली बसले. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. पाणी वाहत होतं. मग उठले, अंग पुसलं आणि काकांकडे जाऊन फोन मागितला. त्यांनी दिला. म्हणाले, “भीतीनं जाऊ नकोस.” मी म्हटलं, “काका, भीतीनंच आले होते.”

ह्यांना फोन केला. “हॅलो” म्हटलं. मग हे म्हणाले, “बस स्टँडवर थांब. मी येतोय.” एवढंच.

मास्तरीणबाईंना म्हटलं, तुम्हीही चला. त्यांनी मान नाही म्हणून हलवली, आणि माझे कपडे घडी करून पिशवीत भरून दिले. सगळे कोपरे नीट.

हे मी घरून लिहितेय. परवा डॉक्टरांकडे जायचंय.

धाकटी

—

१९ मे

वहिनी,

नमस्कार. तिला हात जास्त हलवायचा नाही म्हणून मी लिहितो.

ऑपरेशन झालं. डाव्या बाजूचा स्तन पूर्ण काढावा लागला. काखेतल्या गाठींपैकी दोन खराब निघाल्या. डॉक्टर म्हणाल्या, जानेवारीत बहुधा नुसती गाठ काढून भागलं असतं. मी विचारलं, उशिरामुळे किती बिघडलं? त्या म्हणाल्या, ते कुणीच नेमकं सांगू शकत नाही आणि आता सांगून उपयोग नाही, आता पुढचं करू या. एका शब्दानं बोलल्या नाहीत तिला. मला वाटलं होतं, रागावतील. रागावल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं, असं ती मला म्हणाली.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, बाहेरचं काय काय घेत होता? हिनं काढा, तेल, श्वास सांगितलं आणि पुडी सांगायची गाळली. मी म्हटलं, पुडी राहिली. ही माझ्याकडे अशी बघायला लागली! डॉक्टर म्हणाल्या, “वनस्पतीची म्हणजे निरुपद्रवी असं नसतं. काहींनी रक्त गोठत नाही, काही आमच्या औषधाशी भांडतात. लपवू नका, एवढंच माझं म्हणणं आहे.” रक्त तपासलं तर यकृताला सूज निघाली. पुडी बंद करून ती उतरेपर्यंत ऑपरेशन पुढे ढकललं. श्वासाचे व्यायाम मात्र चालू ठेवायला सांगितले.

ती आत होती तेव्हा मी लिफ्टसमोरच्या बाकावर बसलो होतो. लिफ्टचा एक रोलर कुरकुरत होता. मी सगळा वेळ तोच ऐकत बसलो. दुसरं काही ऐकायची छाती नव्हती.

आता तीन आठवड्यांनी इंजेक्शनं सुरू. ती तिकडे भिंतीकडे तोंड करून झोपली की माझा जीव खालीवर होतो. तुम्ही पत्र लिहा तिला. तुमच्या पत्रानं ती भांडायला उठून बसते.

तुमचा दीर

—

६ जुलै

धाकटे,

सोबत उशी पाठवलीय. काखेत धरायची, म्हणजे शिवण ओढत नाही. कापूस मीच निवडला, आणि अभ्र्याचे कोपरे काटकोनात नाहीत, हे तुझ्या मास्तरीणबाईंना सांगू नकोस.

केस गेल्याचं लिहिलंस. जाऊ देत. येतील. नाही आले तर तुझं डोकं तरी दिसेल आम्हाला, आत काय शिजतंय ते.

इंजेक्शनच्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडावंसं वाटलं तर खुशाल पड. कुणी शूर बनायला सांगितलेलं नाही. फक्त उठल्यावर मला दोन ओळी लिही. ‘आज उलटी झाली’ एवढं लिहिलंस तरी ते पत्रच.

थोरली

—

२८ ऑक्टोबर

वहिनी,

इंजेक्शनं संपली. किरणांचे फेरे तेवढे राहिलेत. जिभेवर अजून गंजलेल्या खिळ्याची चव आहे, बोटांची टोकं बधिर, काच धरली की निसटते. मालक म्हणतात, घाई नको, सध्या गिऱ्हाइकांना फ्रेमा दाखव.

हॉस्पिटलात आठवड्यातून एकदा एक बाई येते. हातापायांना तेल लावते, श्वास घ्यायला शिकवते. मी म्हटलं, मला येतो. तिनं मला पुढे बसवलं आणि बाकीच्यांना दाखव म्हणाली. मळमळीसाठी एक जण सुया टोचतात मनगटाजवळ. मी डॉक्टरांना विचारलं, यानं गाठ जाते का? म्हणाल्या, “नाही. पण काहींची मळमळ कमी होते, आणि तीही काही लहान गोष्ट नाही.” मला ते उत्तर आवडलं. काकांकडे जे चांगलं होतं, ते इथे आहे. फक्त इथे ते आपल्या जागेवर आहे.

पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी मी मोठ्या भावजींसारखीच पडले होते. तेव्हा कळलं, ते वळायचे नाहीत ते माझ्यावर रुसून नव्हे. मान हलली की पोटात ढवळतं. इतकंच असतं ते.

मास्तरीणबाईंना चार पत्रं टाकली. उत्तर नाही.

धाकटी

—

१६ फेब्रुवारी

वहिनी,

काल मास्तरीणबाईंना भेटून आले. त्यांच्या भाचीचा फोन आला होता. मावशी आता घरी आहे, तुमची आठवण काढते, जमलं तर या म्हणाली. हे सोडायला आले, पण खाली थांबले.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर. भिंतीवर वर्गांचे फोटो, रांगेत लावलेले. खोलीत अत्तर शिंपडलं होतं, तरी त्याखालचा वास लपत नव्हता. गाठ फुटून बाहेर आलीय. हॉस्पिटलची नर्स रोज येऊन पट्टी बदलते, दुखू नये म्हणून औषध देते. ते औषध सुरू झाल्यापासून झोप लागते, असं भाची म्हणाली. काकांनी काढ्याची बाटली पाठवली होती, ती खिडकीत होती, तशीच भरलेली.

मी ओळखलं नाही त्यांना. त्यांनी मला ओळखलं. “केस कुरळे आले तुझे,” म्हणाल्या. “आधी सरळ होते.”

मी त्यांच्या पायांना तेल लावलं. त्या बाई लावायच्या तसंच, टाचेपासून वर. दोघी मिळून श्वास घेतला. त्यांना सहा मोजेपर्यंत सोडता येत नव्हता, तिनावरच अडकत होता, तर आम्ही तिनावर थांबलो. काय बोलायचं? ‘मी म्हटलं होतं ना’ हे वाक्य जगात कुणी कुणाला बोलू नये.

मग त्या भाचीला म्हणाल्या, “जरा चहा टाक.” ती आत गेली. माझ्याकडे वळून म्हणाल्या, “दाखव.”

मला कळलं नाही.

“काय केलंय त्यांनी तुझं, ते दाखव मला.”

वहिनी, ह्यांच्यासमोरही मी दिवा बंद करून कपडे बदलते. पण मी बटणं काढली आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिले, उजेड पडावा म्हणून. त्यांनी चष्मा मागितला. मी उशाशी होता तो त्यांच्या डोळ्यांवर बसवून दिला. वर्गातल्या मुलीची वही तपासावी तशा त्या बघत राहिल्या. एक बोट वर आलं आणि त्या रेघेवरून फिरलं, काखेपासून मधल्या हाडापर्यंत. बोट गार होतं.

“एवढंच?” म्हणाल्या.

बोट रेघेच्या टोकाशी थांबलं.

“एवढंच होतं?”

आत कपबश्यांचा आवाज येत होता. मी बटणं लावायला गेले, तर या बधिर बोटांना एकही लागेना. त्या म्हणाल्या, “इकडे ये.” मी खाटेवर वाकले. त्यांनी खालपासून वरपर्यंत सगळी बटणं लावली, मधे दोनदा दम घेतला, आणि शेवटी माझी कॉलर दोन्ही बाजूंनी सारखी करून दिली.

तुमची,
धाकटी